आप्पांच्या डोक्यातली माणसं

मेघना बागूल सकाळी साडेनऊला ओळख केंद्राचं कुलूप काढायची, तेव्हा बाहेरच्या बाकावर कुणी ना कुणी आधीच येऊन बसलेलं असायचं. मांडीवर पिशवी, पिशवीत हरवलेल्या माणसाचा फोटो आणि चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. मनमाडला चारी दिशांनी गाड्या येतात आणि गाड्यांबरोबर चुकलेली माणसंही येतात. कुणी भ्रमात घर सोडलेलं, कुणी म्हातारपणी भलत्याच स्टेशनावर उतरलेलं. फलाटावरून पोलीस त्यांना केंद्रात आणून सोडत. खाटा नव्वद होत्या आणि माणसं एकशे चाळीस.

अकरा वर्षं मेघना हे काम करत होती. सुरुवातीला कुणाची ओळख पटली की घरी जाऊन ती आईला सगळं रंगवून सांगायची. आता ओळख पटली तरी मनात पहिल्यांदा यायचं ते एवढंच, की चला, एक खाट मोकळी झाली.

आप्पा चौदा महिन्यांपूर्वी आले होते. वय साठीच्या आसपास. फलाटावरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू हळूहळू सुधारली, बोलणं मात्र गेलं ते गेलंच. लिहिताही येईना. चेहरा एका बाजूला ओढला गेलेला, त्यामुळे फोटोंशी जुळवून काही हाती लागलं नाही. आयुष्यभर राबून बोटांचे ठसे पार झिजलेले होते. ‘आप्पा’ हे नाव वॉर्डातल्या आयाबायांनीच ठेवलं. ते दिवसभर वॉर्डातल्या चादरींच्या घड्या घालत. घडी इतकी नेटकी, की धोब्यानंही तोंडात बोट घालावं.

अशा माणसांसाठीच ते यंत्र होतं.

यंत्राचं शास्त्र मेघना नातेवाइकांना नेहमी एकाच पद्धतीनं समजावून सांगायची. जे प्राणी कळपात राहतात त्यांना दोन नकाशे लागतात, एक जागांचा आणि दुसरा आपल्या मंडळींचा. वटवाघळांची वसाहत घ्या. अंधारात शेकडो जण एकमेकांना खेटून लटकतात, तरी प्रत्येकाला ठाऊक असतं की शेजारी कोण आहे, दांडगा कोण आणि आपल्यातला कोण. हे सगळं मेंदूच्या आत, कानाच्या मागच्या बाजूला खोलवर असलेल्या एका वळकटीसारख्या भागात नोंदलेलं असतं. तिथल्या पेशींचा एकेक समूह एकेका ओळखीच्याला वाहिलेला असतो. माकडांमध्ये आधी दिसलं आणि मग माणसांतही, की चेहरा पाहिला काय किंवा नुसता आवाज ऐकला काय, त्या व्यक्तीचा तोच समूह जागा होतो. आणि घरच्या माणसांचे समूह एकमेकांशी मिळतेजुळते असतात. पडद्यावर त्यांचे ठिपके मांडले की एकाच जागी गोळा होतात. केंद्रातले लोक त्याला ‘पुंजका’ म्हणत.

“बाहेरून एकेक पेशी काही दिसत नाही,” मेघना सांगायची. “पण देवळाबाहेर उभं राहिलं की एकेकाचा गळा जरी ओळखू आला नाही, तरी कोणती आरती चाललीय ते कळतं ना? हा डोक्यावर घालायचा टोप तसंच ऐकतो.”

टोप मेंदूतलं अतिशय क्षीण चुंबकत्व मोजायचा. त्यासाठी खोलीला तिहेरी धातूच्या भिंती होत्या. तरीही जड मालगाडी गेली की पडद्यावरच्या रेषा थरथरायच्या आणि मेघनाला चाचणी मध्येच थांबवावी लागायची.

सत्यभामा ढगे नोव्हेंबरात आली. जिंतूरजवळच्या खेड्यातली, पंचावन्न-छपन्नची, उन्हानं रापलेली बाई. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी आठवडी बाजाराला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. तेव्हापासून तिनं नांदेड, लातूर, नागपूर, पुणे सगळं पालथं घातलं होतं. वॉर्डाच्या दारात उभी राहून तिनं आप्पांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “हेच.”

“नक्की?” मेघनानं विचारलं.

“हो मॅडम. हेच.”

नियमाप्रमाणे चाचणी झाली. पन्नास बायकांचे फोटो, त्यांत सत्यभामेचा एक. पन्नास बायकांच्या आवाजात ‘जेवलात का?’ हे एकच वाक्य, त्यांत तिचं एक. शेवटी दिवसभर अंगावर वापरलेल्या पन्नास रुमालांचा वास. चेहरा, आवाज आणि वास या तिन्ही वाटांनी एकच समूह जागा झाला तर माणूस ओळखीचा. त्याला तिहेरी जुळणी म्हणत.

आप्पांच्या मेंदूत काहीच जागं झालं नाही. सत्यभामा त्यांच्या लेखी त्या पन्नासांतली एक होती.

“नाही ओळखत ते तुम्हाला,” मेघनानं सांगितलं. हे वाक्य अकरा वर्षांत तिनं इतक्यांदा म्हटलं होतं, की म्हणताना आता ती कागदाकडेच बघायची.

“यंत्र चुकत नाही का कधी?”

“झटक्यानंतर मेंदूला सुस्ती असते, वर्ष-दीड वर्षसुद्धा. कधी कधी उशिरा जागं होतं. म्हणून एकवीस दिवसांनी पुन्हा एकदा बघायची सोय आहे.”

“मग मी थांबते,” सत्यभामा म्हणाली.

ती स्टेशनजवळच्या धर्मशाळेत राहिली आणि रोज सकाळी वॉर्डात येऊ लागली. दावेदारानं मधल्या काळात रोज भेटावं की नाही, याबद्दल नियमात काहीच म्हटलेलं नव्हतं. मेघनानं केंद्राचे प्रमुख डॉ. तडवी यांना तसं विचारलंही.

“येऊ द्या हो,” डॉक्टर म्हणाले. “मला दोन आया कमी आहेत. एका पेशंटला कुणी भरवत असेल तर मी काय नाही म्हणू?” डॉक्टरांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. गेल्या दोन वर्षांत त्यांनी रजा घेतली नव्हती. मेघनाला वाद घालायचं त्राण नव्हतं. तिनं मान हलवली आणि पुढची फाइल उघडली.

एकवीस दिवस सत्यभामेनं आप्पांना भरवलं, नखं कापली, तेल लावलं. बोलत तर सतत असायची. विहिरीला यंदा पाणी किती, म्हशीनं कसा त्रास दिला, लेकीला पुण्यात घर लहान पडतं. आप्पा ऐकत ऐकत घड्या घालत. ती चादरीचं दुसरं टोक धरू लागली. दहाव्या-बाराव्या दिवसापासून ते सकाळीच दाराकडे तोंड करून बसायला लागले. हे मेघनाला जाता-येता दिसत होतं, पण दिसलेल्या गोष्टीचा विचार करायला तिला वेळ नव्हता.

एकविसाव्या दिवशी दुसरी चाचणी झाली. फोटो, आवाज, वास. मध्ये एक कोळशाची मालगाडी गेली, म्हणून आवाजाचा भाग दोनदा घ्यावा लागला.

तिहेरी जुळणी झाली. आणि सत्यभामेचा ठिपका भलतीकडे कुठे नव्हता, थेट पुंजक्यात होता.

त्या पुंजक्यात आणखी चार-पाच फिकट ठिपके होते, मधूनमधून आपोआप लुकलुकणारे. ती आप्पांची जुनी माणसं. कोण ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्यांना पुरतं जागं करणारा चेहरा आजवर कुणी दाखवलाच नव्हता. त्या अनोळखी ठिपक्यांच्या मधोमध सत्यभामा जाऊन बसली होती.

“वा!” डॉ. तडवी म्हणाले. “सही करा आणि पाठवून द्या.”

“डॉक्टर, ही जुनी ओळख नाहीये. एकवीस दिवसांपूर्वी तिथं काहीच नव्हतं. आप्पांच्या मेंदूनं तिला नव्यानं जागा दिलीय.”

“सुस्ती उतरली असेल.”

“सुस्ती उतरली तर जुनं हळूहळू वर येतं. हे नवंकोरं आहे. तुम्हालाही दिसतंय.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दिसतंय. पण नियम काय म्हणतो? दुसरी चाचणी ग्राह्य. ती बाई त्याला घरी नेतेय, जेवायला घालतेय. वॉर्डात आणखी पन्नास जण जमिनीवर झोपतायत. तुम्हाला नेमकं काय वाचवायचंय, मेघनाताई?”

मेघना उठली. फॉर्म घेऊन ती कँटीनमध्ये गेली. सत्यभामा तिथं चहा बशीत ओतून फुंकर मारत बसली होती.

“सत्यभामाबाई, एक विचारू? हे खरंच तुमचे यजमान आहेत?”

सत्यभामेनं बशी खाली ठेवली. इकडेतिकडे पाहिलं नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. “नाहीत,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी कळलं. आमच्या मालकांचा डावा कान बैलानं फाडलेला होता. यांचे दोन्ही कान चांगले आहेत.”

“मग ‘हेच’ कामून म्हणालात?” मेघनाच्या तोंडात नकळत त्या बाईच्या गावाकडचा शब्द आला.

“थकले मॅडम. नऊ वर्षं झाली. लेकीच्या घरी ओटी भरायची वेळ आली की बायका एकमेकींकडं बघतात, हिला कुंकू लावावं का नाही. भाऊ म्हणतो पूस. सासरचे म्हणतात, तो आला म्हणजे? गावात सगळ्यांना जागा आहे. माझीच जागा कुणाला ठरवता येत नाही.” तिनं बशी उचलली आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला. “त्या दिवशी दारात उभी राहिले आणि वाटलं, आता रिकाम्या हातानं परत जायचं नाही. यांना तर कुणीच नाही. मला सांगा, यात कुणाचं वाईट झालं?”

मेघनानं फॉर्म परत फाइलमध्ये ठेवला. त्यावर सही केली नाही.

त्या दुपारी तिला राहून राहून वेगळंच आठवत होतं. अकरा वर्षांपूर्वी प्रशिक्षणात प्रत्येकाला आपापल्या घरची दोन माणसं आणायला सांगितलं होतं. मेघनानं आईला आणि नवऱ्याला, उल्हासला, नेलं. टोप मेघनाच्या डोक्यावर होता आणि आईचा ठिपका तिच्या पुंजक्यात होता. उल्हासचा बाहेर होता, बराच लांब, ऑफिसातल्या ओळखीच्यांच्या बाजूला. तिनं घरी येऊन हसत हसत सांगितलं. तोही हसला. “म्हणजे दूधवाल्याच्या शेजारी बसवलंस होय मला?” पण त्या दिवसानंतर प्रत्येक भांडणात तो ठिपका मध्ये येऊन बसू लागला. तो उशिरा आला तरी, ती गप्प राहिली तरी. यंत्रानं दाखवलेलं खोटं कसं असेल? दोन वर्षांत त्यांनी संसार आटोपता घेतला. कुणी कुणाला दोष दिला नाही. तो नांदगावच्या शाळेत शिकवत होता, एकटाच राहत होता.

आज त्याच यंत्रानं दाखवलं होतं, की एकवीस दिवसांत एक परकी बाई पुंजक्यात जाऊन बसते.

तिनं त्याला फोन लावला. चार वर्षांनी.

“उल्हास, ती आपली चाचणी आठवते? तेव्हा तू आठ महिने बदलीवर जळगावला होतास. रोज दिसत नव्हतास, म्हणून ठिपका लांब गेला होता. तो फक्त त्या दिवसाचा होता. मला आज कळलं.”

पलीकडे शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका ऐकू येत होता.  उल्हास म्हणाला, “मी तर पुढच्याच महिन्यात बदली रद्द करून परत आलो होतो, मेघना. तू मला पुन्हा मोजलंच नाहीस.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आईची तब्येत कशी आहे, एवढं विचारून त्यानं फोन ठेवला, कारण घंटा झाली होती.

दुसऱ्या दिवशी मेघनानं असं काही केलं, जे केंद्रात सहसा कुणी करत नसे. ते फिकट ठिपके कुणाचे आहेत ते शोधायचं तिनं ठरवलं. हरवलेल्या माणसाची तक्रार करणाऱ्यांचेही फोटो सरकारी यादीत असतात. गेल्या दोन वर्षांतले, आजूबाजूच्या पंधरा जिल्ह्यांतले चाळीस हजारांवर चेहरे निघाले. ते आप्पांसमोर भराभर सरकवायचे, एका सेकंदाला चार. माणसाला स्वतःला कळायच्या आत मेंदू दचकतो, आणि टोपाला ती दचक दिसते. पण आप्पा एका बैठकीत दहा मिनिटांवर टिकत नसत. वर मालगाड्या. रोजच्या चाचण्या आटोपल्यावर, दुपारी दोन ते साडेचार, असं करत तीन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी एका चेहऱ्याला पडद्यावरची रेषा ताडकन उभी राहिली. मेघनानं तो चेहरा इतरांत मिसळून सहा वेळा दाखवला. सहाही वेळा तेच. पुंजक्यातला सगळ्यात मोठा फिकट ठिपका लख्ख झाला होता.

तो चेहरा पुसदच्या लता राऊत या बाईचा होता. थोरला भाऊ हरवल्याची तक्रार तिनं दिलेली होती.

“दिगंबरदादा?” फोनवर बाईचा आवाज चिरकला. “जित्ता हाय?”

“आहेत. बोलता येत नाही, पण हिंडतात-फिरतात.”

पलीकडे रडणं सुरू झालं. मेघना थांबली. इतरांचं रडणं संपेपर्यंत थांबायची तिला सवय होती. मग एकेक कळत गेलं. दिगंबर इंगळे, कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं नोकरीला. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. म्हातारपणी बहिणीकडे राहत होता. एकदा अकोल्याला लग्नाला म्हणून निघाला तो चुकीच्या गाडीत बसला असावा.

“कधी येताय न्यायला?”

आता लताबाईचा आवाज खाली आला. “बाई, खोटं नाही बोलत. माह्या नवऱ्याले दोन सालापासून उठता येत नाही. मी एकलीच करतो सगळं. दादा होता तं हात लावत होता. आता त्याचंबी करा लागत असन, तं मी दोघाले कशी पुरू?” मग हळूच विचारलं, “त्याच्याकडं कोन पाह्यते तिथं?”

मेघनानं सत्यभामेबद्दल सांगितलं. लपवालपवी केली नाही. पहिल्या दिवशी ती ‘हेच’ म्हणाली होती, तेही सांगितलं.

“खेकसते का ते त्याच्यावर?”

“नाही.”

“मंग तिले सांगजा, त्याले आंबट चालत नाही. पोट धरते. आन् रागावला की जेवत नाही, तवा मागं लागायचं नाही. आपोआप येते.” ती पुन्हा रडू लागली. “काय लिहून द्या लागते ते द्याले मी तयार हाओ.”

कायद्यात तशी तरतूद होती. रक्ताच्या नातेवाइकानं संमती दिली तर दुसऱ्या कुणालाही पालक म्हणून रुग्ण नेता येत होता. मेघनाला वाटलं, सगळं मार्गी लागलं. बऱ्याच महिन्यांनी ती जरा लगबगीनं वॉर्डाकडे गेली.

सत्यभामेनं सगळं ऐकून घेतलं. आप्पा शेजारीच बसले होते. ‘दिगंबर’ हे नाव ऐकून त्यांनी मान वर केली आणि कुणी हाक मारली ते शोधू लागले.

“म्हणजे कागदावर काय लिहिणार तुम्ही?”

“की हे दिगंबर इंगळे. तुम्ही त्यांच्या पालक.”

“आणि गावात मी कुणाला घेऊन आले म्हणू? परक्या बाप्याला?” तिचा आवाज चढला. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं शोधायला? नवरा म्हणून नेलं असतं, गावानं मानलं असतं. तोंड वाकडं झालंय, कान कोण बघतंय? यांचं भागलं असतं, माझं भागलं असतं. त्या बहिणीचंही तुम्ही काय भलं केलं? न्यायला येता येत नाही म्हणून आता ती जन्मभर रडत बसेल.”

“आता निदान तिला माहीत आहे, भाऊ कुठे आहे ते. नऊ वर्षांत तुम्हाला कुणी एवढंही सांगितलं असतं तर?”

 सत्यभामेनं पिशवी भरली, आप्पांच्या खांद्याला एकदा हात लावला आणि गेली. दुपारच्या परभणी गाडीनं ती निघून गेल्याचं धर्मशाळेवाल्यानं सांगितलं.

आप्पा दुसऱ्या दिवशी दाराकडे तोंड करून बसले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून त्यांनी जेवणाचं ताट सरकवायला सुरुवात केली. मेघनानं आयांना सांगितलं की मागे लागू नका, आपोआप येतील. पण आप्पा आले नाहीत. आठव्या दिवशी सलाइन लावावं लागलं. तिनं त्यांना टोप घातला. समोर फोटो नाही, आवाज नाही, फक्त वॉर्डाच्या दाराचं चित्र. सत्यभामेचा ठिपका पेटला, विझला, पुन्हा पेटला.

डॉ. तडवी मागे उभे राहून बघत होते. “मी तुम्हाला बोलणार नाही,” ते म्हणाले. “तुम्ही केलं ते बरोबरच होतं. पण बरोबर वागायलासुद्धा माणसाकडे ताकद शिल्लक लागते. आपल्याकडे ती कुठेय?”

मेघनानं सत्यभामेला पाच-सहा वेळा फोन केला. तिनं उचलला नाही. शेवटी रविवारी मेघना स्वतः निघाली. गाडी, मग बस, मग एका टमटममधून पाच किलोमीटर. पोचेपर्यंत दुपार झाली. सत्यभामा अंगणात तुरीच्या शेंगा पसरत होती. मेघनाला पाहून ती दचकली नाही. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“बोलवायला आलात?”

“नाही. सांगायला आले. आप्पा जेवत नाहीत. दारात तुम्हाला शोधतात. तुम्ही नसताना.”

सत्यभामा खाली बसली. एक शेंग हातात घेऊन तिनं ती नखानं फोडली. “म्हणजे मी आहे त्यांच्या डोक्यात.”

“आहात.”

“कोण म्हणून?”

“ते यंत्राला कळत नाही. जवळचं एवढंच कळतं.”

“बायको म्हणून का बहीण म्हणून, काहीच नाही?”

“नाही.”

सत्यभामा थोडं हसली. नऊ वर्षांत हसायची सवय मोडल्यासारखं. मग काटक्यांच्या कुडापलीकडून शेजारीण डोकावली, पाहुण्या बाईला न्याहाळत म्हणाली, “काय गं सत्यभामा, मनमाडला लागला म्हणे पत्ता? खरंय का?”

मेघना पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिली.

“नाही लागला,” सत्यभामा म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की दुसऱ्या बाजूच्या घरातलीही बाहेर आली. “ते काही सापडले नाहीत. आता मी शोधायची नाही. नऊ वर्षं झाली, बास झालं.” आणि मग ती रडली. पदर तोंडात न घालता, अंगणात, शेंगांच्या मधोमध बसून, चांगला अर्धा तास. शेजारीण कूड ओलांडून आली आणि तिची पाठ चोळत बसली. मेघनानं कुणाला काही समजावलं नाही. थोड्या वेळानं उठून शेंगा पसरायचं अर्धवट राहिलेलं काम तिनं पुरं केलं.

आप्पांना घरी आणायचं ठरल्यावर सत्यभामेला सगळं उरकायला पंधरा दिवस लागले. लेक पुण्याहून येऊन खूप भांडली, मग आपणहून आप्पांसाठी स्वेटर ठेवून गेली. भावानं बोलणं टाकलं. सरपंच म्हणाले, कागद व्यवस्थित आहेत ना, मग आणा. गावातली निम्मी माणसं बरं बोलली, निम्मी वाईट बोलली. सत्यभामेनं फोनवर हे सगळं मेघनाला सांगितलं, आणि मधून मधून आप्पांच्या कानाला फोन लावायला सांगून त्यांना विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते सांगितलं. आप्पा तिसऱ्या फोननंतर दूधभात खाऊ लागले.

जानेवारीच्या शेवटी ती न्यायला आली. निघायच्या आधी मेघनानं पुसदला व्हिडिओ कॉल लावून दिला. लताबाईला बघून आप्पांनी घशातून एक लांब आवाज काढला. त्या आवाजात शब्द नव्हता. लताबाई “दादा, दादा” म्हणत राहिली. मग तिनं डोळे पुसून सत्यभामेला बोलावलं आणि दोघी बराच वेळ पथ्यपाण्याचं बोलल्या. पुढच्या दिवाळीला सत्यभामा त्यांना पुसदला घेऊन येणार, असं ठरलं. जमेल की नाही हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मेघना त्यांना पोचवायला बसस्टँडवर गेली. आप्पांना खिडकीपाशी बसवलं, स्वेटरची बटणं लावली, औषधांची पिशवी सत्यभामेच्या मांडीवर दिली. खाली उतरून ती खिडकीशी उभी राहिली. अंग असं दुखत होतं, की तिथंच फलाटाच्या कठड्यावर बसावंसं वाटत होतं.

कंडक्टर तिकिटाचं यंत्र घेऊन आला. आप्पांकडे पाहून म्हणाला, “बाबा, कुठं?” आप्पा बोलले नाहीत. त्यानं सत्यभामेकडे पाहिलं. “हे कोण तुमचे? मालक का?”

बसमधली दोन-चार माणसं मागे वळली. सत्यभामेनं क्षणभर आप्पांकडे पाहिलं. ते तिच्या पदराचं टोक हातात घेऊन त्याची घडी घालत होते.

“नाहीत,” ती म्हणाली. “पण आमच्याच घरचे आहेत. दोन जिंतूर द्या.”